दोन रात्रींची दोन नाटके

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नेमलेल्या सांस्कृतिक समितीच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात दोन रात्री नाटकांसाठी राखून ठेवण्यात आल्या आहेत. त्या दोन रात्री कोणती नाटके करावीत याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण वाणिज्य शाखेचे. नाट्यशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. तथापि हौशी रंगभूमीच्या पडद्यामागे आणि क्वचित पडद्यापुढेही आयुष्याची चाळीस वर्षे वावरल्यामुळे काही गोष्टी डोळ्यांखालून गेल्या आहेत. त्या आपल्यापुढे ठेवतो.

समितीकडे आलेल्या बहुतेक सूचनांचा आशय एकच आहे. पहिल्या रात्री एक गंभीर नाटक, दुसऱ्या रात्री एक विनोदी नाटक. म्हणजे रडू आणि हसू यांची फिटंफाट होईल आणि कोणाचीच तक्रार राहणार नाही. ही रीत आजची नव्हे. प्राचीन अथेन्समध्ये नाटककार तीन शोकनाट्यांच्या शेवटी एक थट्टेचे नाट्य सादर करीत. जपानमध्ये नो नाटकांच्या मधल्या जागेत क्योगेन हा हलकाफुलका प्रकार खेळला जातो. दूर कशाला, ऑक्टोबर १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबचे गुजराती नाटक केले, तेव्हा त्याच्या मागोमाग ‘धनजी गरक’ हे प्रहसनही केले होते. बाप अजाणता पोटच्या मुलाला मारतो, असे कथानक पाहून गहिवरलेल्या प्रेक्षकाला तसेच घरी पाठवू नये, असा त्यामागील दयाळू विचार असावा. मराठी मंडळींनीही त्याच दशकात पौराणिक खेळानंतर ‘फार्स’ करण्याची प्रथा उचलली. पुढे पुढे तर गंभीर ऐतिहासिक प्रसंगांनाही लोक ‘फार्स’च म्हणू लागले, ही त्यातली गंमत.

या प्रथेला मी नावे ठेवीत नाही. परंतु ती जेवणानंतरच्या विड्यासारखी आहे. विडा चांगला असला तरी त्याचे जेवणाशी नाते पोटापुरतेच. दोन नाटकांची जोड म्हणजे निराळी गोष्ट. तेथे दुसरे नाटक पहिल्याची चव घालविण्यासाठी येत नाही. पहिल्याने जे अर्धे सांगितले, ते पुरे करण्यासाठी येते.

माझ्या व्यवसायातील एक दाखला देण्याची परवानगी घेतो. आमच्याकडे जोडी दोन प्रकारची असते. एक धोतरजोडी. दोन्ही धोतरांचा पन्ना तोच, पोत तोच, काठ तोच. एक धुतले की दुसरे नेसायचे, एवढाच तिचा उपयोग. दुसरी जोडी लुगडे आणि खण यांची. इलकलचे लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण ही दोन गावांतील दोन वेगळ्या मागांवरची वस्त्रे. वीण वेगळी, नक्षी वेगळी. तरीही जाणती बाई लुगडे पसरून त्यावर खण ठेवते, काठाशी काठ लावून पाहते आणि मान हलविते किंवा खण परत करते. ती कशावरून ठरविते हे तिला विचारले तर सांगता येणार नाही. पण ती सहसा चुकत नाही. नाटकांची जोडी निवडणाऱ्याने तिच्यासारखे करावे. एकाच विषयावरची दोन एकसारखी नाटके ही धोतरजोडी होय. दुसऱ्या रात्री प्रेक्षकाला नवे काही मिळत नाही. विषयाचा काठ जुळला पाहिजे आणि वीण मात्र निराळी असली पाहिजे.

याचे मराठीतील सर्वांत सुबक उदाहरण एकाच लेखकाच्या हातचे आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य प्रहसन लिहिले. त्याचे मूळ मोलिएरच्या नाटकात आहे आणि ते मर्फी या आयरिश लेखकाच्या हातून देवलांपर्यंत आले. त्यालाच पदांचा साज चढवून ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि देवलांचे निधन ज्या वर्षी झाले त्या १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. दोन्ही नाटकांचा विषय एकच आहे, तो म्हणजे संशय. दोन्हींत संशयाला पुरावा म्हणून एक क्षुल्लक वस्तू हाती लागते. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात ती वस्तू हातरुमाल आहे. (रुमालाच्या एवढ्याशा तुकड्यावरून एवढा अनर्थ घडावा, हे आम्हा कापडवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) ‘संशयकल्लोळा’त आश्विनशेठची तसबीर आहे. रेवतीच्या हातून ती पडते, कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती कृत्तिकेच्या हाती पाहून फाल्गुनराव पेटतो. रेवतीला सावरताना पाहून कृत्तिका त्याच्यावर आधीच पेटलेली असते. एका नाटकात रुमालाची चौकशी कोणी करीत नाही आणि निरपराध स्त्रीचा बळी जातो. दुसऱ्यात तसबिरीची चौकशी अखेर होते आणि सारे हसत घरी जातात.

ही दोन नाटके लागोपाठ पाहणाऱ्याला एक विलक्षण गोष्ट जाणवेल. फाल्गुनराव झुंझाररावापेक्षा शहाणा आहे म्हणून वाचतो, असे मुळीच नाही. त्याच्या भोवती बोलणारी माणसे आहेत, भांडणारी बायको आहे, चारचौघांत वाच्यता होते, म्हणून तो वाचतो. झुंझाररावाच्या कानाशी एकटा जाधवराव आहे. घरातले भांडण उंबऱ्याबाहेर ऐकू जाणे हे आपण लाजिरवाणे मानतो. पण या जोडीचे म्हणणे असे की, काही वेळा त्यानेच जीव वाचतो. हे म्हणणे एकट्या ‘झुंझाररावा’त नाही आणि एकट्या ‘संशयकल्लोळा’तही नाही. ते दोहोंच्या मधल्या जागेत आहे. जोडनाटकांचे सामर्थ्य ते हेच.

येथे दोन प्रकारांपासून सावध राहावे असे मला वाटते. पहिला प्रकार उत्तरार्धाचा. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या तीन नाटकांचा सलग नऊ तासांचा प्रयोग १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी बसविला होता. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. परंतु ती जोड नव्हे. ते एकाच धरणगावकर देशपांडे घराण्याचे लांबत गेलेले आयुष्य आहे. एकच वस्त्र, फक्त तागा लांब.

दुसरा प्रकार तराजूचा, आणि तो अधिक घातक आहे. एका सदस्यांनी मला विचारले की, एक नाटक एका पक्षाचे घेतले तर दुसरे विरुद्ध पक्षाचे घ्यावे काय, म्हणजे कोणी दुखावणार नाही? मी त्यांना आपल्याच मातीतले उदाहरण दिले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी या प्रथा यापुढे मानणार नाही असे त्यांनी ठरविले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहावयाचे, हा लग्नगडीचा अर्थ. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो काळ नोंदला आहे. उद्या या विषयावर कोणी नाटक लिहिले, तर त्याच्या जोडीला ‘सावकारही बिचारा कसा अडचणीत होता’ अशा आशयाचे नाटक लावणे म्हणजे तोल सांभाळणे नव्हे. ते सत्यावर पाणी ओतणे होय. आपण व्यापारी मंडळी. आपल्या पूर्वजांच्या वह्यांत काय लिहिले होते हे ज्याचे त्याने पाहावे. जोडीचे दुसरे नाटक पहिल्याशी भांडण तोडण्यासाठी नसते. पहिल्याला जे दिसले नाही ते दाखविण्यासाठी असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझी सूचना अशी आहे की, पहिल्या रात्री वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ करावे आणि दुसऱ्या रात्री जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ करावे. दोन्ही नाटके मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणली. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आप्पासाहेब बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू आणि कावेरी झाल्या शांता जोग. ‘संध्याछाया’ १९७३ मध्ये आले. विजया मेहतांनी ते बसविले आणि नानीची भूमिकाही त्यांनीच केली. नाना होते माधव वाटवे. एकाच संस्थेने तीन वर्षांच्या अंतराने म्हातारपणावरची ही दोन नाटके केली. त्यांनी ती जोडी म्हणून केली असे माझे म्हणणे नाही. पण काठाला काठ लावून पाहा, किती जुळतो ते.

‘नटसम्राट’ आपण सर्व जाणता. काहींनी २०१६ चा मराठी चित्रपट पाहिला असेल, आपल्या गुजराती भाषिक बंधूंनी २०१८ चा गुजराती चित्रपट पाहिला असेल. रंगभूमीवरून निवृत्त झालेला थोर नट आपले होते-नव्हते मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतो आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून रस्त्यावर येतो. ‘किंग लिअर’ची सावली या कथेवर स्पष्ट आहे. लेकीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, पत्नी जाते आणि अखेरीस त्याला आधार देतो तो एक बूटपॉलिशवाला पोरगा. हे नाटक पाहताना प्रेक्षागृहात काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. ज्येष्ठ मंडळी डोळे पुसतात आणि मान वळवून आपल्या सुनेकडे पाहतात. तरुण मंडळी समोर पाहत राहतात. घरी जाताना गाडीत कोणी बोलत नाही. वडील मनात म्हणतात, मी वाटणी करणार नाही. मुलगा मनात म्हणतो, मी काही त्या नंदासारखा नाही. दोघांनाही आरोपी सापडलेला असतो आणि तो आरोपी रंगमंचावर राहिलेला असतो.

शिरवाडकरांनी आप्पासाहेबांनाही निर्दोष ठेवलेले नाही, हे या रडण्यात वाहून जाते. त्यांचा ताठा, त्यांची सैल जीभ, नातीला शिकविलेली भाषा, सर्वस्व देऊन टाकण्यातला नाटकी डौल, हे सारे संहितेत आहे. आम्ही दुकानदार लोक तर पहिल्याच प्रवेशात कपाळाला हात लावतो. जिवंतपणी दुकानाची किल्ली देऊन टाकावी, पण गल्ल्याचीही द्यावी?

आज यावर कायद्याचा इलाज आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये अधिनियम झाला. त्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करण्याची मागणी करता येते. आपल्या राज्यात हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते, म्हणजे वकिलाच्या खेपा घालीत मुंबईला जावयास नको. आप्पासाहेबांनी अटीचे एक वाक्य लिहून घेतले असते, तर आज त्यांना घर परत मिळू शकले असते.

पण ‘संध्याछाया’तील नाना-नानींना हा कायदा काय देणार? त्यांचे घर त्यांच्याकडेच आहे. त्यांना कोणी बाहेर काढलेले नाही, त्यांच्यावर कोणी आळ घेतलेला नाही, मुलांनी त्यांचा एक पैसा बुडविलेला नाही. एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यात. दोघेही आईवडिलांना अभिमान वाटावा असे निघाले. किंबहुना आईवडिलांनीच त्यांना तसे वाढविले. अमेरिकेतला तेथेच संसार थाटतो, सैन्यातला परत येत नाही. उरतात दोन म्हातारी माणसे, एक घर आणि कोणाची तरी चाहूल ऐकण्यासाठी उघडे ठेवलेले दार. या नाटकात दोष कोणाला द्यावा? शोधूनही आरोपी सापडत नाही. आणि शेवट मात्र ‘नटसम्राट’हून अधिक थंड, अधिक भयंकर आहे.

म्हणून ही जोड. ‘नटसम्राट’ आपल्याला आरोपी देते, ‘संध्याछाया’ तो काढून घेते. पहिल्या रात्री ज्याने मनाशी म्हटले की ‘मी नंदासारखा नाही’, त्याला दुसऱ्या रात्री कळते की नंदासारखे नसूनही आईवडील एकटे पडू शकतात. आणि ज्या वडिलांनी ठरविले की वाटणी करावयाची नाही, त्यांना कळते की सर्व काही नावावर ठेवूनही संध्याकाळ सरत नाही. क्रम उलटा केला तर हे घडणार नाही. ‘संध्याछाया’ आधी दाखविली आणि ‘नटसम्राट’ नंतर, तर पहिल्या रात्रीचे निराधार दुःख दुसऱ्या रात्री नंदा-नलूच्या डोक्यावर रिकामे होईल आणि पुन्हा सगळे निश्चिंत झोपतील.

हा विषय आपल्या परिसराचा आहे काय, असाही प्रश्न येईल. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा आपण आनंदोत्सव केला आणि ते योग्यच होते. त्या लोकलने मुले रोज नोकरीला जाऊ लागली, काही वर्षांनी वसई-विरारकडे राहू लागली. काही वापी, सिल्व्हासाला गेली, काही परदेशी. आपल्यापैकी कितीतरी घरांत वरच्या मजल्याच्या खोल्यांना कुलूप आहे आणि खाली दोघेच राहतात. आणि हे केवळ पेढीवाल्यांच्या घरचे चित्र नव्हे. दिवाळी झाली की तलासरीच्या आतल्या पाड्यांवरील कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर, बोटींवर, कारखान्यांत कामाला जातात. पाड्यावर मागे कोण राहते, हे तिकडे उधारी वसूल करण्यास गेलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याने पाहिले आहे. नाना-नानींना अमेरिकेतून पत्र तरी येते.

या सूचनेवर माझ्याकडे तीन आक्षेप आले आहेत.

पहिला, दोन्ही रात्री रडायचे काय? उत्सव आहे. माझे उत्तर असे की, उत्सवाचे मिष्टान्न दिवसा होणारच आहे. ‘नटसम्राट’मध्ये हशाच्या जागाही भरपूर आहेत, आप्पासाहेब नातीशी बोलतात तेथे मुलेसुद्धा हसतात. शिवाय समितीला ही जोड पेलवत नसेल, तर देवलांची जोड आहेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो आपल्यातील एका वयोवृद्ध श्रावकांनी घेतला. ‘संध्याछाया’च्या शेवटी ते दांपत्य आपले जीवन स्वतःच संपविते. हे आपल्या व्यासपीठावर शोभेल काय, आणि कोणी त्याची तुलना संथाऱ्याशी केली तर? मी त्यांना नम्रपणे सांगितले की, तुलना होऊच शकत नाही आणि नाटक पाहिल्यावर तर मुळीच होणार नाही. संथारा हे गुरूंच्या आज्ञेने, सर्वांची क्षमापना करून, समाजाच्या साक्षीने घेतलेले व्रत आहे. नाना-नानींच्या दारात साक्षीला कोणीच नाही, हेच तर त्यांचे दुःख आहे. दळवींनी त्या शेवटाचा गौरव केलेला नाही; दिग्दर्शकानेही करू नये. संगीत मोठे करू नये, प्रकाश निळा-जांभळा करू नये. प्रयोगानंतर पडदा पडताच लोकांना उठू न देता दहा मिनिटे बसवावे आणि आपल्या डॉक्टर मंडळींपैकी कोणी एकाकी ज्येष्ठांविषयी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची सूचना होती. ती मला मान्य आहे, फक्त ते दोन शब्द खरोखरच दोन असावेत.

तिसरा आक्षेप भाषेचा. आपल्या निम्म्या प्रेक्षकांची घरची भाषा गुजराती आहे आणि आप्पासाहेबांची स्वगते भारदस्त मराठीत आहेत. त्यासाठी एका पानाचा कथासार गुजरातीत छापावा, तेवढे पुरे. आपण सीमेवरची माणसे; एका वाक्यात दोन भाषा बोलतो. पुढील एखाद्या वर्षी तर एक मराठी आणि एक गुजराती अशी जोड लावण्याचे माझ्या मनात आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ चे, मधु राय यांचे ‘कोई पण एक फूलनुं नाम बोलो तो’ १९६८ चे. एकात हौशी नटांचा संच गंमत म्हणून खोटा खटला चालवितो आणि खऱ्या बाईचे खरे आयुष्य चव्हाट्यावर आणतो. दुसऱ्यात नाटक चालू असताना नटी प्रेक्षकांतल्या माणसावर गोळी झाडते. खेळ कोठे संपतो आणि खरे कोठे सुरू होते, हा दोघांचाही काठ. एकाच सुमारास हा प्रश्न दोन भाषांना पडावा आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या डहाणूने ती नाटके शेजारी शेजारी पाहू नयेत, हे काही बरोबर नाही. असो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण तेथे मी जास्त कामाचा आहे. दोन्ही नाटकांच्या लेखकांच्या वारसांची लेखी परवानगी आणि मानधन यांची तरतूद स्वतंत्रपणे करावी. एकाच्या परवानगीवर दुसरे उरकू नये. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र दोन्ही संहितांना आहे याची खातरजमा करावी. आप्पासाहेब आणि नाना एकाच नटाला देऊ नयेत, अशी माझी शिफारस आहे. लागोपाठ दोन रात्री दोन मोठ्या भूमिका हौशी नटाला झेपत नाहीत. शिवाय आप्पासाहेबांचा आवाज नानांच्या घरात शिरला तर ते घर रिकामे वाटणार नाही. मात्र आरामखुर्ची दोन्ही रात्री तीच असावी. कोणी ओळखली तर उत्तम, न ओळखली तरी बिघडत नाही. वेशभूषेसाठी कृत्रिम धाग्याचे चकचकीत कापड आणू नये. ते दिव्याखाली झळकते आणि माणूस गरीब दिसत नाही. जुने सुती धोतर चार वेळा धुऊन घ्यावे. ते माझ्याकडून.

प्रवेशिका एकेका रात्रीची काढू नये. दोन्ही रात्रींची मिळून एकच काढावी, आसन क्रमांकही तोच. जो एकच रात्र येईल त्याच्या हाती एकाच बाजूचा खर्डा पडेल. आणि प्रवेशिका व्यक्तीला न देता कुटुंबाला द्यावी. सासू, सून, मुलगा, नातू असे एका रांगेत बसतील अशी.

तारखांचे म्हणाल तर चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा असते, तेव्हा परिसरातील निम्मी माणसे विवळवेढ्याच्या वाटेवर असतात. ते दिवस टाळावेत. लग्नसराईत आमच्यापैकी कोणीही दुकान सोडून येणार नाही. पौष महिना बरा. आपल्या गुजराती बांधवांचे कमुरताही त्याच सुमारास असतात, मुहूर्त नसतात, माणसे मोकळी असतात. उघड्या मैदानावर मंडप घातला तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा नियम २००० सालापासून आहे आणि ‘नटसम्राट’ तीन तासांच्या आत उरकत नाही. थंडीत सूर्य लवकर मावळतो, चौविहार करणाऱ्यांची जेवणे सहापूर्वी आटोपतात. तेव्हा साडेसहाला तिसरी घंटा द्यावी, स्वागत-सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी करावेत. विरारकडे जाणाऱ्यांना शेवटची लोकल मिळाली पाहिजे. तलासरी, उधवा, झाई या बाजूच्या मंडळींसाठी दोन गाड्यांची व्यवस्था ट्रस्टने करावी आणि त्या गाड्यांत पुढच्या जागा ज्येष्ठांसाठी ठेवाव्यात. दुसऱ्या रात्री त्यांच्या शेजारी कोण बसते, ते ज्याच्या त्याच्या घरच्यांवर सोपवू.